शाळेची जुनी चार फुटी टाकी परत उभी केलीय, आता झाडं कोणती लावू आणि मासे कधी, कोणते सोडू? (सोलापूर)

विज्ञानसर_विजापूररोड:

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात एक मोठी माशांची टाकी कित्येक वर्षं कोरडी पडून होती, आत तुटकी खडू-खोकी अन् जुने तक्ते. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं मनावर घेतलं आणि पुढची काच बदलून दिली, जुनं सिलिकॉन सगळं खरवडून नवीन भरलं, स्टँडचा गंज घासून रंग मारला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. आठवडाभर पाणी भरून ठेवलं, कुठंही गळत नाही.

आता पुढचं मला नीट करायचंय. पोरं रोज मधल्या सुट्टीत येऊन काचेला नाक लावून विचारतात सर मासे कधी. दुकानात गेलो तर त्यांनी सांगितलं खाली पांढरे संगमरवरी खडे टाका, प्लॅस्टिकची झाडं लावा, गोल्डफिश, एंजल आणि काच साफ करायला दोन सकर, सगळं एकाच दिवशी देतो. मला मात्र खरी झाडं पाहिजेत, पोरांना वाढताना दिसली पाहिजेत.

पाणी दोन प्रकारचं आहे. एक नळाचं उजनीचं, ते चार-पाच दिवसाआड येतं आणि टाकीत साठवतो, त्याला ब्लीचिंगचा वास असतो. दुसरं बोअरचं, ते बारा महिने आहे पण लई जड, बादलीवर पांढरा थर धरतो. आणि मेन अडचण म्हणजे जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की लगेच शाळेचं स्नेहसंमेलन आहे, त्याच दिवशी टाकीचं उद्घाटन करायचं असं समितीनं ठरवून टाकलंय. आज डिसेंबरचा मध्य उजाडला. जमेल का? बजेट फार नाही, पण मुलांची मेहनत घ्यायची तयारी आहे.

जुळे_सोलापूरचा_टाकीवाला:

सर सगळ्यात आधी अभिनंदन, जुनी टाकी भंगारात न देता उभी केली हेच लई मोठं काम आहे. आता जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

तुमची टाकी नऊ घनफुटाची, म्हणजे काठोकाठ भरली तर २५५ लिटर, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडून २१० लिटरच्या आसपास पाणी धरा. पाणी, काच, वाळू मिळून वजन तीनशे किलोच्या वर जातंय त्यामुळं स्टँडखालची फरशी पोकळ नाही ना ते बघा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घातली नसेल तर आत्ताच टाकी रिकामी करून घाला, नंतर जमत नाही.

संगमरवरी खडे घेऊ नका. तो चुनखडीचाच प्रकार, पाणी अजून जड करतो, आणि त्यात मुळं धरत नाहीत. खरं-खोटं करायचं तर तुमच्याकडं प्रयोगशाळा आहेच, खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसलं की चुना आहे. वाळू, दगड काहीही टाकीत घालायच्या आधी मुलांकडून हीच टेस्ट करून घ्या, धडा पण होतो. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, तो पाण्यात काही सोडत नाही, फुकट मिळतो आणि हिरव्या झाडांमागं झकास दिसतो. फक्त पांढऱ्या शिरा किंवा चुन्याचे गोळे चिकटलेले दगड बाजूला काढा. वाळू जाडसर, एक-दोन मिलीमीटर दाण्याची, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन. दोन इंचाचा थर द्यायला बरोबर एक घनफूट वाळू लागते, साधारण ४५ किलो. शेतातली काळी माती खाली घालायचा मोह होतो बऱ्याच जणांना, घालू नका, ती पाण्यात फुगते आणि कोणी जरा हात घातला की चार दिवस टाकी गढूळ. शेणखत, युरिया तर अजिबात नाही, युरियाचा थेट अमोनिया होतो.

आता झाडं. आपलं पाणी जड आहे म्हणून रडत बसायचं कारण नाही, जड पाण्यातच जोमानं येणारी झाडं आहेत की. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट ही तिन्ही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, म्हणजे सीओटूचा सिलिंडर न लावता तुमचं बोअरचं पाणीच त्यांना कामाला येतं. मॉसला, म्हणजे दगड-लाकडावर वाढणाऱ्या बारीक पानांच्या हिरव्या झुपक्याला, हे जमत नाही, म्हणून जड पाण्यात मॉस रडतखडत वाढतो. मागच्या बाजूला सलग व्हॅलिस्नेरिया लावा, लावताना मुळं वाळूत आणि जिथून पानं फुटतात तो गड्डा वाळूच्या वर, तो दाबला की सडतो. मध्ये क्रिप्टोकोरीन वेंडटी. दगडावर अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्यानं बांधा, त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही आणि निम्मी झाडं त्यानंच मरतात. हॉर्नवर्ट नुसता तरंगत सोडा. आणि झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावा, चार काड्या लावून वाट बघितली तर झाडांच्या आधी शेवाळ जागा धरतं.

लाईटसाठी महागडं काही नको. साध्या चार फुटी एलईडी ट्यूब, वीस-बावीस वॅटच्या, ६५०० केल्व्हिन (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड) लिहिलेल्या, दोन लावा आणि टायमरवर सहा-सात तास. व्हरांड्यात दुपारचं ऊन थेट काचेवर येत असेल तर मागच्या काचेला काळा कागद लावून टाका.

आता माशांचं, आणि इथं मी समितीच्या विरोधात जाणार आहे सर. मासे जी घाण करतात तिचा अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं खातात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर बसायला चार ते सहा आठवडे घेतात. नवीन टाकीत एकाच दिवशी पंचवीस मासे सोडले की अमोनिया खाणारं कोणी नसतं. वरून आपल्या पाण्यात हा धोका जास्त. पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग एक टक्क्याच्याही आत असतो, तोच पीएच ८ झाला आणि पाणी तीस डिग्रीला गेलं की सात टक्क्यांच्या वर. आपलं बोअरचं पाणी बऱ्याचदा ८ च्या आसपासच निघतं. म्हणजे मऊ पाण्याच्या गावात जे मासे कसेबसे वाचतात ते इथं आठवड्यात उलटे तरंगतात, आणि ते पोरांच्या डोळ्यांदेखत होणार. ते नको.

भीमाकाठ:

वरच्या टाकीवाल्या दादांशी सहमत. मी फक्त माशांच्या निवडीवर बोलतो कारण तो माझा विषय आहे.

गोल्डफिश नको, तो थंड पाण्याचा मासा आहे, सोलापूरच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात, वीतभर वाढतो आणि कोवळी झाडं चरून खातो. सकर तर कुठल्याच शाळेच्या टाकीत नको. लहानपणी दोन इंचाचा दिसतो, वाढून फूट-दीड फूट होतो, रात्री झाडं उपटतो, आणि मग मोठा झाला की लोक दया येऊन तलावात सोडतात. देशभर नद्या-तलावांत हा सकर असाच पसरलाय. उजनीत चिलापी किती माजलाय ते आपण ताटातच बघतो, तोही मूळ आफ्रिकेचा. म्हणून सर, टाकीवर एक पाटीच लावा की ह्यातला कुठलाही मासा किंवा झाड सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्याला, कंबर तलावात सोडायचं नाही. जास्त झाले तर दुसऱ्या शाळेला द्या.

मग ठेवायचं काय? माझी पहिली पसंती झेब्रा डॅनिओ. आपल्या उपखंडातला मासा, दीड-दोन इंचाचा, चपळ, थंडी-गर्मी दोन्ही सोसतो, दहा-बाराचा थवा ठेवला की चार फुटी टाकी जिवंत वाटते. आणि विज्ञान सर म्हणून तुम्हाला सांगतो, जगभरच्या प्रयोगशाळांत ह्याच्यावर संशोधन चालतं. त्याचा जीनोम २०१३ साली प्रसिद्ध झाला, माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांना ह्याच्यात किमान एक जोडीदार जनुक आहे. अंडं पारदर्शक असतं, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं, शाळेच्या साध्या मायक्रोस्कोपखाली हृदय धडधडताना दिसतं. नववी-दहावीच्या पोरांना एकदा हे दाखवा, ती तिथून हलणार नाहीत.

दुसरा हनी गुरामी, हा पण भारत-बांगलादेशातला. गुरामीला कल्ल्यांशिवाय डोक्यात एक वेगळं इंद्रिय असतं, त्यानं तो पृष्ठभागावर येऊन हवेतला ऑक्सिजन घेतो. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, २५ डिग्रीला लिटरमागं साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो तो ३५ ला सातवर येतो, अशा वेळी गुरामी तग धरतो. चार-पाच पुरे. दुकानात लाल-निळे पट्टेवाले ड्वार्फ गुरामी दाखवतील, सुंदर असतात पण त्यांच्यात एक विषाणूचा रोग फार आहे, म्हणून हनीच मागा.

रंग पाहिजे म्हणाल तर मॉली, प्लॅटी आणि गप्पी, हे तर जड पाण्याचेच मासे. पण फक्त नर घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत टाकीत दोनशे पिल्लं. निऑन टेट्रा, डिस्कस असले मऊ पाण्याचे मासे आणायचे आणि मग पाणी मऊ करत बसायचं हा उलटा धंदा आहे. एंजल मोठा झाला की झेब्राच खातो. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. आणि कोणी मिस केरळ नावाचा लाल पट्टीचा मासा सुचवला तर तो सह्याद्रीतल्या थंड वाहत्या ओढ्यांचा आहे, निसर्गात धोक्यात आलेला आहे, त्याला सोलापूरच्या व्हरांड्यात आणू नका.

हायड्रिला तुम्हाला तलावाकाठी पण मिळेल, पण तिथून आणलात तर थेट टाकीत नको. चतुराच्या अळ्या येतात त्याच्यात, लहान मासे पकडून खातात. आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा, मग दोन आठवडे वेगळ्या बादलीत.

सातवीब_च्या_बाई:

सर मी पण शिक्षिका आहे, आमच्या शाळेत टाकी आहे म्हणून झाडा-माशांपेक्षा पोरांचं सांगते. टाकी मरते ती खायला जास्त घातल्यानं. प्रत्येक वर्गाला वाटतं आपण मासे भुकेले ठेवले, मग कोणी बिस्किट टाकतं कोणी शेव टाकतं. आम्ही खाऊचा डबा कपाटात ठेवतो, किल्ली एका वर्गाकडे, महिन्यानं वर्ग बदलतो, आणि भिंतीवर वही टांगलीय. तारीख, पाण्याचं तापमान, किती खाऊ घातला, कोण होतं, कुठला मासा वेगळा वागतोय, सगळं मुलंच लिहितात. त्या वहीमुळं एक मुलगी एवढं बारीक निरीक्षण करायला लागलीय की मला आधी ती सांगते बाई आज गुरामी कोपऱ्यात बसलाय म्हणून, वर्गात मात्र ती फारशी बोलत नाही. टाकीपुढं बोलते, मराठीत नाही सुचलं तर तेलुगूत बोलते, आणि बाकीची पोरं ऐकतात.

सुट्ट्यांचं आत्ताच ठरवा. रविवार, जोडसुट्टी ह्याला काही करू नका, निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. मे महिन्यासाठी मात्र शिपाईमामांना आत्तापासून सोबत घ्या, नुसतं सांगून नाही, त्यांच्या हातून करून घ्या. रोजच्या मापाच्या कागदी पुड्या बांधून त्यांच्याकडं द्या, म्हणजे अंदाजाचा प्रश्नच नाही.

विज्ञानसर_विजापूररोड:

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंय, स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. संगमरवर रद्द, सकर रद्द. आम्लाची टेस्ट उद्याच नववीकडून करून घेतो. आता तीन शंका. संमेलनाचं काय करू, समितीला रिकामी टाकी कशी दाखवू? दुसरं, बोअरचं वापरू का नळाचं? आणि उन्हाळ्यात व्हरांड्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस जातं, त्याला काय उपाय?

जुळे_सोलापूरचा_टाकीवाला:

रिकामी कुठं आहे सर, झाडांनी भरलेली असणार ना. ह्या आठवड्यात झाडं लावलीत तर संमेलनापर्यंत महिना होतो, व्हॅलिस्नेरिया तोवर आडव्या धुमाऱ्यांनी वाळूतून पसरायला लागलेली असते. समितीला आणि पालकांना तेच दाखवा. बाजूला एका टेबलावर चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं आणि परीक्षानळी ठेवा, वर दिवा धरला की ऑक्सिजनचे बुडबुडे, पुस्तकातला प्रयोग जिवंत. आणि मुलं स्वतः उभं राहून सांगू देत की मासे अजून का नाहीत, टेस्ट किटमध्ये आज अमोनिया किती, नायट्राइट किती. दहा वर्षांच्या पोरानं हा तक्ता समजावून सांगितला की कुठला पाहुणा नाराज होऊन जाईल? मासे तेव्हाच सोडायचे जेव्हा अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलंय. तोपर्यंत रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाकत राहा, जिवाणूंना तेच लागतं. आत्ता रात्री गारठा आहे, थंड पाण्यात जिवाणू हळू वाढतात, म्हणून २०० वॅटचा हीटर २६ वर लावून ठेवा. आणि माझ्या टाकीतला मुरलेला स्पंज तुम्हाला देतो, ओल्या पिशवीत घालून त्याच दिवशी तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, दह्याला विरजण लावतो तसं. बराच वेळ वाचेल, पण टेस्ट केल्याशिवाय मासे नाहीतच.

पहिला लॉट फक्त झेब्रा, आठ-दहा. दोन-तीन आठवड्यांनी परत टेस्ट करून मॉली-प्लॅटी, सगळ्यात शेवटी गुरामी. नवीन मासे आले की आधी बाजूच्या छोट्या टबमध्ये दोन आठवडे, मग मोठ्या टाकीत. पिशवीतलं पाणी मोठ्या टाकीत ओतू नका.

पाण्याचं म्हणाल तर निम्मं-निम्मं करा आणि मग तेच प्रमाण कायम ठेवा. एक आठवडा बोअर, एक आठवडा नळ असं केलं तर माशांना त्रास होतो, जड पाणी चालतं, रोज बदलणारं नाही चालत. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) टाकायचंच, साठवलेलं असलं तरी. फिल्टरचा स्पंज कधीच नळाखाली धुवू नका, क्लोरीननं जिवाणू मरतात, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं की बास, काढलेलं पाणी शाळेच्या कुंड्यांना घाला, लई भारी खत आहे ते.

उन्हाळ्यासाठी आपली कोरडी हवा उलट फायद्याची आहे. वरचं झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा टेबल फॅन सोडा, बाष्पीभवनानं पाणी तीन-चार डिग्री खाली येतं. पाणी भराभर उडतं मग, ते रोज भरताना बोअरचं भरू नका, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात आणि पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. शाळेत पिण्याचा आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी घाला. त्याच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नको, सगळे क्षार त्याच्यातच असतात. मार्चपासून एअर पंप चोवीस तास. बॅटरीवर चालणारा छोटा पंप एक जवळ ठेवा, लाईट गेली की तोच वाचवतो.

तरी सर, व्हरांडा पश्चिमेला असेल तर मी टाकी भरायच्या आधी आत हलवीन. पंख्यानं तीन-चार डिग्री उतरतील, दहा नाही उतरणार.

वायरमनकाका:

टाकी मुलांच्या हाताशी आहे म्हणून दोन गोष्टी. त्या पॉइंटला आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाईन तोडणारा ब्रेकर, बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. प्रत्येक वायर सॉकेटला जायच्या आधी खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्यापाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. बोर्ड टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीपेक्षा वर. पाण्यात हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद, हा नियम मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. हीटर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच पाणी उपसा, तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते.

विज्ञानसर_विजापूररोड:

अपडेट देतो. टाकी आत प्रयोगशाळेच्या उत्तरेच्या भिंतीला घेतली, आरसीसीबी बसवला, काळे दगड मुलांनीच निवडले. झाडं लावून आठवडा झालाय. समितीला टेस्ट किटचा तक्ता दाखवला, मुख्याध्यापक म्हणाले मासे फेब्रुवारीत आले तरी चालतील, झाडांचंच उद्घाटन करू. एक काळजी आहे, क्रिप्टोकोरीनची पानं विरघळल्यासारखी होऊन गळतायत, व्हॅलिस्नेरियाची पण काही पानं पारदर्शक झालीत. दुकानातून लिक्विड कार्बनची (झाडांना कार्बन देतं म्हणून विकतात ते औषध) बाटली आणलीय, ती टाकू का?

भीमाकाठ:

बाटली बंदच ठेवा सर, व्हॅलिस्नेरियाला ते लिक्विड कार्बन अजिबात सोसत नाही, आहेत ती पानं पण जातील. क्रिप्टोकोरीन एका टाकीतून दुसऱ्या वेगळ्या पाण्यात आलं की जुनी पानं टाकतंच, मुळं पांढरी-घट्ट असतील तर झाड जिवंत आहे, उपटून बघत बसू नका. सडलेली पानं कात्रीनं बुडापासून कापून बाहेर काढा नाहीतर त्यांचाच अमोनिया होतो. दोन-तीन आठवड्यांत मधून नवीन पान येईल, ते ह्याच पाण्यात वाढलेलं असल्यानं टिकतं. व्हॅलिस्नेरियाला पुढं फुलं आली तर अकरावी-बारावीवाल्यांना बोलवा, नर फुलं तळाशी सुटून वर तरंगत येतात आणि लांब देठावरच्या मादी फुलाला जाऊन लागतात, पाण्यातून परागीभवन म्हणून पुस्तकात हेच उदाहरण आहे. आणि झेब्रा घ्यायला जाल तेव्हा मला इथं सांगा, मी पण येतो दुकानात, पंख मिटून बसलेले, पांढरे ठिपके असलेले मासे ज्या टाकीत असतील त्या टाकीतला एकही घ्यायचा नाही.